भाजीच्या पाण्यावरचा केक : प्रस्तावना

श्रावण सरत आला की मुरगुडातल्या परड्यांत एकच अडचण असते: भाजी फार झाली. वेदगंगेकाठच्या मळ्यांत तर वेल माजतातच, पण गावात घरामागे चार हात जागा असली तरी पावसाळ्यात तिथे काहीतरी चढतं. दुधी, दोडका, पडवळ, काकडी, लाल भोपळा. जो वेल कुंपणावर गेला तो कौलांपर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही. शेजारी एक दुधी द्यायला जावं तर त्यांच्या मांडवावरही तीन लोंबत असतात. एरवी बाजारात भाव विचारून पुढे सरकणारं घर या दीड-दोन महिन्यांत भाजी वाटून दमतं. काकडी कोशिंबिरीपुरती घेतली जाते, दुधी हरभऱ्याच्या डाळीत पडतो, भोपळ्याची आठवड्यातून एकदा भाजी होते आणि त्यापुढे कुणाचा हात जात नाही. वेलावर राहिलेलं निबर होतं, आणि निबर झालं की गोठ्यात जातं.

या पुस्तिकेचा विषय ती शिल्लक भाजी आहे. ती किसून, गूळ आणि कणीक घालून तिचा घरच्या घरी केक कसा करायचा, हे पुढच्या पानांत दिलं आहे. पण कृतींकडे जाण्याआधी थोडं बोलायला हवं, कारण भाजीचा केक म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. एक असं की मुलं भाजी खात नाहीत, तेव्हा केकमध्ये लपवून घाला. दुसरं असं की ही शहरी हौस आहे, आपल्या स्वयंपाकघराशी तिचा संबंध नाही. मला दोन्ही पटत नाहीत. भाजी ही या केकमध्ये लपवायची वस्तू नाही, केक तिच्यावरच उभा असतो. दुधाने आणि अंड्याने जे काम करायचं, म्हणजे पीठ भिजवायचं, भाजताना आतून वाफ द्यायची, दुसऱ्या दिवशीही तुकडा मऊ ठेवायचा, त्यातलं बरंचसं काम किसातलं पाणी करतं. आणि भाजीच्या पाण्यावर गोड पदार्थ करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे.

निपाणीहून मुरगुडावरून जाणारा रस्ता मुदाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाने खाली कोकणात उतरतो आणि देवगडला समुद्र गाठतो. या रस्त्याच्या खालच्या टोकाला भाजीचा केक पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. कोकणात त्याला धोंडस म्हणतात, गोव्यात त्याचीच बहीण तवसळी. पावसाच्या शेवटी वेलावर हातभर लांब, जाड सालीची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, लागतात. तवसं सोलून, बिया काढून किसतात. तांदळाचा जाडसर रवा तुपावर खमंग भाजतात. किसाला सुटलेल्या पाण्यातच गूळ विरघळवतात आणि त्या पाण्यात रवा शिजवतात. ओलं खोबरं, वेलची आणि चवीपुरतं मीठ घालून सगळं जाड बुडाच्या भांड्यात थापतात. मग भांडं मंद आचेवर आणि झाकणावर निखारे. वरून-खालून धग मिळाली की कडा सुटते, वरचा पापुद्रा तांबूस होतो आणि आतला भाग ओलसर राहतो. यात मैदा नाही, अंडं नाही, सोडा नाही आणि ओव्हनही नाही. तरी सुरीने कापून तुकडे वाढता येतील असा तो भाजलेला केकच आहे. झाकणावर निखारे ठेवण्याची ती युक्ती म्हणजे ओव्हनचं सगळं तत्त्व आहे, आणि ते ज्यांनी शोधलं त्यांची नावं कुठल्याही पुस्तकात नाहीत.

घाटावर आपण धोंडस करत नसलो तरी घारगे करतो. लाल भोपळ्याचा किस तुपावर परतायचा, गूळ घालून शिजवायचा, आणि गार झाल्यावर त्यात ‘मावेल तेवढी’ कणीक घालायची. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. आजीला किती कणीक म्हणून विचारलं तर ती वाटी दाखवत नसे, ‘मावेल तेवढी’ म्हणे. हे उत्तर मोघम वाटतं, पण तेच नेमकं आहे. प्रत्येक भोपळ्यात पाणी वेगळं असतं, तेव्हा पिठाचं माप भोपळ्याने ठरवायचं, पुस्तकाने नाही. दुधीहलवा, गाजरहलवा, कोहळ्याच्या वड्या यांतही हेच पाणी आटवण्याचं किंवा मुरवण्याचं काम आहे. ज्या बाईला घारगे जमतात तिला भाजीच्या केकचं निम्मं आधीच येतं.

बाहेरच्या जगातही हा केक टंचाईतून आणि सुकाळातून असा दोन्हीकडून आला. युरोपात साखर श्रीमंतांची वस्तू होती तेव्हा गाजराचा गोडवा पुडिंगसाठी वापरत. स्वित्झर्लंडमध्ये आरगाऊ हा गाजरासाठी प्रसिद्ध असलेला प्रांत आहे. तिथला केक बदामाचं पीठ आणि किसलेलं गाजर यांचा असतो. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी 1940 पासून ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सुरू झालं. गाजर मात्र मुबलक होतं, म्हणून तिथल्या अन्नखात्याने ‘डॉक्टर कॅरट’ नावाचं एक चित्रातलं पात्र काढून घरोघरी गाजराचा प्रचार केला. अमेरिकेत गोष्ट उलटी. तिथे परसात लावलेल्या झुकिनीला उन्हाळ्यात इतकी फळं येतात की संपवायची कशी, हा प्रश्न पडतो, आणि त्यातून झुकिनीचा गोड ब्रेड घराघरांत गेला. झुकिनी आपल्या भोपळ्या-दुधीच्याच कुळातली आहे. मुरगुडातल्या परड्याची अडचण आणि तिकडच्या परसाची अडचण एकच.

आता पाण्याकडे येऊ, कारण ही पुस्तिका खरं तर पाण्याबद्दलच आहे.

100 ग्रॅम दुधी किंवा काकडीत 95 ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. लाल भोपळ्यात त्याहून थोडं कमी, 90 च्या वर. गाजरात आणि बिटात 87-88. रताळ्यात पाऊणशेच्या थोडं पुढे. आकडे पाहताना गाजर आणि काकडी यांत फारसा फरक नाही असं वाटतं, पण कोरडा ऐवज पाहा: काकडीत 5 ग्रॅम, गाजरात 12, रताळ्यात वीसहून जास्त. शिवाय हे पाणी भाजीच्या पेशींत कोंडलेलं असतं आणि प्रत्येक भाजी ते वेगळ्या वेगाने सोडते. काकडीला मीठ किंवा गूळ लागला की दहा मिनिटांत थाळीत पाणी साचतं. गाजर तसं करत नाही, ते भाजताना हळूहळू सोडतं. गाजराचा केक जगभर लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण असावं. नवख्या माणसाचाही तो बिघडत नाही. दुधी-काकडीला मात्र हाताची समज लागते.

म्हणून दुधी-काकडीचा किस पंच्यात घेऊन पिळायचा. किती पिळायचा? मुठीत दाबल्यावर किसाचा गोळा झाला पाहिजे, मूठ उघडून बोटाने टोचल्यावर तो मोकळा सुटला पाहिजे, आणि तळव्यावर ओल राहिली पाहिजे, थेंब नाही. पार कोरडा करून टाकला तर किस केकमध्ये दोऱ्यासारखा दाताखाली येतो आणि भाजी घालण्याचा फायदाच जातो. पिळून निघालेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. ते वाटीत मोजून ठेवायचं आणि त्यातच गूळ विरघळवायचा. पुढे मिश्रण घट्ट वाटलं तर दुधाऐवजी हेच पाणी चमच्या-चमच्याने वापरायचं. लाल भोपळ्याचा किस पिळण्यापेक्षा तुपावर परतावा, कच्चट वास जातो आणि जास्तीचं पाणीही उडतं. गाजर नुसतं किसून घातलं तरी चालतं.

किसणीची भोकंही महत्त्वाची आहेत. बारीक किसणीने भाजीचा जवळजवळ लगदा होतो आणि सगळं पाणी एकदम पिठात उतरतं. मग केक मध्ये खचतो आणि तळाला गिच्च गोळा राहतो. जाड किसणीने निघालेल्या काड्या आपलं पाणी धरून ठेवतात आणि भाजताना बेताने सोडतात. या पुस्तिकेतल्या बहुतेक कृती जाड किसणीच्या आहेत. जिथे बारीक हवी तिथे तसं लिहिलं आहे.

कणीक वापरण्यावर इथे भर आहे. कोंड्यासकट दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते, आणि भाजीच्या केकमध्ये पाणी हवं तेवढं आहे, तेव्हा दोघांचं जमतं. मिश्रण कालवून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवलं की कोंडा फुगतो आणि केक खरखरीत लागत नाही. मात्र सोडा त्यानंतर, अगदी शेवटी घालायचा. थोडी नाचणी मिसळली तर चव खुलते. ती आपल्याच राधानगरी, भुदरगड, आजरा भागातल्या डोंगरउतारांवर पिकते. पण नाचणी पाव भागाच्या पुढे नेऊ नये. तिच्यात गव्हाचा चिकटपणा नाही, केक भुसभुशीत होऊन कापताना तुटतो. दुकानातल्या तयार प्रीमिक्सच्या पाकिटात मात्र भाजी घालू नका. त्या पिठाला किती पाणी लागणार, हे कारखान्यात ठरलेलं असतं, आणि तुमच्या दुधीला ते ठाऊक नसतं.

गुळाबद्दल लिहिताना कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हात आखडता येत नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूर गुळाची मोठी बाजारपेठ झालं. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आज आपल्या बाजूचा बराच ऊस बिद्रीला किंवा हमिदवाड्याच्या कारखान्याला जातो आणि गुऱ्हाळं कमी झाली आहेत, पण जिथे काहिल अजून चढते तिथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. उकळत्या रसातली मळी वर आणण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. भेंडीचा बुळबुळीतपणा रसातला गाळ गोळा करतो, मग तो झाऱ्याने काढून टाकतात. म्हणजे भाजीचा हात गूळ होण्यापूर्वीच त्याला लागलेला असतो.

केकमध्ये गूळ तीन कामं करतो. गोडी देतो हे उघडच आहे. दुसरं, तो साखरेपेक्षा जास्त ओल धरतो, त्यामुळे गुळाचा केक दुसऱ्या दिवशी अधिक मऊ आणि चवदार लागतो. तिसरं काम कमी लोकांच्या लक्षात येतं: गूळ किंचित आम्ल असतो, त्यामुळे त्याच्या संगतीत खाण्याचा सोडा फुलतो. दह्याची किंवा ताकाची जोड मिळाली की केक वर यायला अंडं लागत नाही. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून पावडरी घालतात. या केकला तसला गूळ घेऊ नये. गडद तपकिरी गूळ घ्या, केकला त्याचाच रंग आणि त्याचाच वास पुरे होतो. किसातल्या पाण्यात गूळ कोमट करून विरघळवा, गाळून घ्या, काड्या आणि खडे निघतात. आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम गुळात सोडा पडला तर तो भांड्यातच फसफसून जातो, भाजायच्या वेळी त्यात काही उरत नाही.

सोडा जास्त झाला तर चव साबणासारखी होते, हे सगळ्यांना माहीत आहे. तो भाज्यांचे रंगही बदलतो. बिटाचा केक कालवताना इतका सुरेख गुलाबी दिसतो की पाहतच राहावं, आणि भट्टीतून निघतो तो मातकट. बिटाचा लाल रंग उष्णता आणि सोडा या दोन्हीपुढे टिकत नाही. अर्ध्या लिंबाचा रस आणि आंबट दही घातलं, सोडा बेताचा ठेवला, तर थोडा रंग वाचतो. पूर्ण वाचत नाही. बिटाचा केक करायचा तो चवीसाठी करावा.

भाजण्याच्या साधनांची काळजी करू नये. घरी ओव्हन नसला तर जाड बुडाचा जुना कुकर पुरतो. झाकणाची रिंग आणि शिटी काढायची, तळाला जाड मिठाचा किंवा स्वच्छ वाळूचा थर, त्यावर कडं, त्यावर डबा. आधी दहा मिनिटं रिकामा तापवायचा, मग डबा ठेवून गॅस बारीक करायचा. भाजीच्या केकला साध्या केकपेक्षा वेळ जास्त लागतो, पाऊण तास तरी धरा, आणि पहिल्या अर्ध्या तासात झाकण उघडू नका. वर आलेला केक गार हवा लागून बसतो. सुरी घालून पाहिल्यावर ती स्वच्छ निघाली तरी किसाची एखादी ओली काडी तिला चिकटू शकते, ती पिठाची ओल समजू नये.

आणखी एक वाट आहे, जी आपण विसरत चाललो आहोत. दिवाळीच्या तोंडावर किंवा मे महिन्यात कोल्हापूर-सांगलीकडची घरं रवा, मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जात आणि पत्र्याच्या डब्यांतून नानकटाई, बिस्किटं भाजून आणत. काही गावांत ही पद्धत अजून आहे. पावाची खेप बाहेर पडल्यावर भट्टी हळूहळू निवत असते, आणि ती उतरती धग भाजीच्या ओल्या केकला फार चांगली मानवते. चार-पाच घरांनी मिळून आपापले डबे एका दुपारी बेकरीत नेले तर गॅसही वाचेल आणि केकला चारही बाजूंनी सारखा रंग येईल. बेकरीवाल्यांना विचारून पाहावं, एवढंच माझं म्हणणं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. दुधी, काकडी, दोडका, भोपळा, यांतलं कुठलंही फळ किसण्याआधी त्याचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ अख्खंच्या अख्खं फेकून द्या. या कुळातल्या फळांत कुकुर्बिटासिन नावाचे कडू पदार्थ असतात. एरवी ते नगण्य असतात, पण कधी पाण्याचा ताण पडून, कधी बियाणं रानटी वाणाशी संकरित होऊन ते वाढतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. हा विषारी अंश भाजून किंवा उकळून जात नाही. कारली कडूच असतात म्हणून कडू दुधीही चालेल, असं समजू नये. केकमध्ये गूळ आणि वेलचीमुळे कडूपणा दबू शकतो, म्हणून इथे जास्त सावध राहायचं. गूळ घातल्यावर चव पाहून उपयोग नाही, कच्चाच तुकडा चाखायचा.

हा केक पौष्टिक आहे का, असं लोक हमखास विचारतात. खरं उत्तर असं की तो क्रीमच्या केकपेक्षा बरा आहे आणि भाजी-भाकरीच्या जागी चालणारा नाही. एका तुकड्यात वाट्याला येणारी भाजी दोन-तीन घासांएवढी असते. कणकेचा कोंडा पोटात जातो, मैद्याच्या केकमध्ये तो नसतो, हा फायदा आहे. पण गूळ म्हणजे शेवटी साखरच. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गुळाचा आणि भाजीचा म्हणून हा केक मोकळ्या हाताने खाऊ नये. बाजारात ‘पौष्टिक केक’ अशी पाटी लावून विकतात त्याचं मला वाईट वाटतं, कारण केकचं खरं सुख त्या पाटीखाली झाकलं जातं. तो घरच्या वेलाचा आहे, ताजा आहे आणि त्यात काय घातलं आहे ते तुम्हाला माहीत आहे. एवढं मोल पुरेसं आहे. ताजा म्हणताना हेही सांगतो की पावसाळी हवेत तो दोन दिवसांत संपवावा. ओल जास्त असल्यामुळे त्याला बुरशी लवकर धरते.

मापांबद्दल. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 पासून वाटी-चमच्याचं माप मराठी घरांत पक्कं रुजवलं, आणि या पुस्तिकेतही पीठ, गूळ, तेल त्याच मापाने दिलं आहे. कुठलीही वाटी घ्या, पण सगळ्याला तीच. किसाचं मात्र वजन दिलं आहे, कारण वाटीत किस सैल भरला की दाबून भरला यावर निम्मा फरक पडतो. घरी काटा नसला तर वाणी भाजी तोलून देईल. सुरुवातीचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: दीड वाटी कणकेला एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी दही, अर्ध्या वाटीला थोडं कमी तेल, सपाट अर्धा चमचा सोडा, आणि पिळून 150 ग्रॅम किस. घाण्याचं शेंगतेल वापरलं तर त्याचा वास येतो. मला तो नाचणीच्या केकमध्ये आवडतो, काकडीच्या केकमध्ये नाही. तिथे तूप हवं.

कृतींची मांडणी भाज्यांच्या मोसमाप्रमाणे आहे. पावसाळ्यात काकडी, दुधी आणि दोडका, गौरी-गणपतीनंतर लाल भोपळा, थंडीत गाजर आणि बीट. बाराही महिने एकच केक करायचा असेल तर हे पुस्तक फारसं उपयोगी पडणार नाही. प्रत्येक कृतीखाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, कारण तुमच्या परड्यातल्या दुधीत किती पाणी आहे ते या पुस्तकाला ठाऊक नाही. किस पिळल्यावर किती वाटी पाणी निघालं आणि शेवटी कणीक किती मावली, हे दोन आकडे प्रत्येक वेळी तिथे पेन्सिलीने लिहा. पहिला केक काकडीचा करा, तोही भाद्रपद संपायच्या आत. गाजराला भोगीपर्यंत थांबा.